चुलीपाशी चप्पल

पडेगावात आवडाबाईंच्या भाकरीला लोक रांग लावायचे, आणि त्या रांगेत निम्मे शुगरवाले असायचे. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

दौलताबादच्या रस्त्याला लागून त्यांची पत्र्याची शेड. पाटी नाही, नाव नाही. सकाळी आणि दिवेलागणीच्या आधी परातीत भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला की तीच पाटी. माझं घर पाठीमागच्या गल्लीत. बालवाडीत शिकवून घरी येताना मी डबा घेऊन त्यांच्याकडे थांबायची, म्हणून त्या मला ‘बाई’ म्हणत. वयानं माझ्यापेक्षा मोठ्या, पण पहिल्यापासून तोंडात ‘बाई’च.

माहेर वेरूळच्या अलीकडच्या एका वस्तीवरचं. लग्न होऊन इथं आल्या. नवरा पुंजाराम गवंडी होते. पोरगा नानासाहेब शाळेत असतानाच ते काविळीनं गेले. दिवस झाले आणि आवडाबाईंनी त्यांच्याच जोडीदार गवंड्यांना दुपारची भाकरी करून द्यायला सुरुवात केली. कुणापुढं हात पसरला नाही, की रडत बसल्या नाहीत. विधवा नणंद साळूबाई सोबतीला आली. ती जाळ घालायची, या थापायच्या. पुढं उकिडवं बसून गुडघे धरायला लागले, तेव्हा नानासाहेबानं कमरेएवढा ओटा बांधून त्यावर चूल मांडून दिली. तेव्हापासून त्या उभ्यानं भाकरी करीत. नानासाहेब चितेगावला कंपनीत लागला, “आई, आता बास कर” म्हणाला. त्या म्हणाल्या, “तू तुही कंपनी बास कर, मंग मी करते.”

मधल्या काळात एक गंमत झाली. पूर्वी भाकरी म्हणजे गरिबाचं खाणं. मग डॉक्टर लोकच सांगायला लागले, की पोळी कमी करा, ज्वारीची भाकरी खा. झालं! मास्तर, कारकून, एसटीतले लोक, सगळे डबे घेऊन आवडाबाईंच्या दारात. आणि आवडाबाईंची जीभ म्हणजे काय विचारता!

“या साहेब, या. लई गुलाबजाम हाणले आतापोत्तर, आता या आवडाबाईच्या दारात.”

रामकिसन म्हणून एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले गृहस्थ होते, ते तसंच उत्तर द्यायचे. “मावशी, गुलाबजाम नाय, बासुंदी. खोटा आळ घेऊ नका.”

“मंग भोगा आता बासुंदी. कष्टाच्या अंगाला हा आजार शिवत नाय बघा. हा बसून खाणाऱ्याचा आजार.”

सगळे हसायचे. बद्रीनाथ नावाचा शाळेतला एक तरणा कारकून मात्र हसायचा नाही. तो बाजूला उभा राहून खाली बघत असायचा आणि भाकरी पेपरात गुंडाळून पिशवीच्या तळाशी घालायचा. आवडाबाईंच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. त्यांना खरंच तसं वाटायचं.

एका उन्हाळ्यात त्या मला म्हणाल्या, “बाई, घशाला सारखी कोरड पडती. माठ रिकामा केला तरी तहान जात नाय. आन् डोळ्याला बी अंधुक दिसतंय.”

आमच्या यजमानांना शुगर असल्यामुळं मला ही लक्षणं पाठ होती. छावणीकडं एक लहानसा दवाखाना आहे, तिथं मी त्यांना घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि सांगितलं, की मावशी, तुम्हाला शुगर आहे, आणि चांगली वाढलेली आहे.

आवडाबाई त्यांच्याकडं बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, “दुसऱ्या कुणाचं रगात आसल ते. परत बघा.”

परत बघितलं. तेच.

रिक्षात बसल्यावर त्यांनी भाकरीनं निबर झालेल्या हातानं माझा हात धरला. “बाई, तुमच्या गळ्याची आण. हे कुणाला सांगू नका. साळूला नाय, नान्याला नाय.”

“अहो, त्यात लपवायचं काय? आमचे यजमान सगळ्यांसमोर गोळी घेतात.”

“त्यायचं वायलं. ते खुर्चीवर बसणारं माणूस. मी काय बसून खाल्लं हो? लोक म्हणतील, ही लोकायला भाकर देती आन् सोता चोरून पेढे खाती. नायतर म्हणतील, हिनं काय तरी पाप केलं असल. आन् खरंच केलं असल. नायतर मला कामून झाली?”

मी पुष्कळ समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण आत काही गेलं नाही. दुसऱ्याला जे बोलत आलो तेच स्वतःवर उलटलं, की ते बाहेरून कुणी काढून टाकू शकत नाही.

गोळ्या सुरू झाल्या. पण गोळ्या ठेवायच्या कुठं? आवडाबाईंना सकाळी मिसरी लावायची सवय. त्या मिसरीच्या डबीला घरात कुणी हात लावत नसे. त्यांनी दुसरी एक डबी आणली, तिच्यात गोळ्या घातल्या आणि दोन्ही डब्या शेजारी ठेवल्या. गोळी जेवणाबरोबर घ्यायची, आणि जेवायला त्या बसणार शेडमध्ये साळूबाईसमोर. मग आज राहू दे, उद्या घेऊ. कधी रिकाम्या पोटी, कधी दोन वेळची एकदम, कधी चार-चार दिवस नाहीच.

याच्यावर आणखी एक. रामकिसनना नातू झाला, ते शेडमध्ये पेढे घेऊन आले. शुगरवाल्यांनी आपापसात अर्धा-अर्धा मोडून घेतला. आवडाबाईंनी पिठाचे हात लुगड्याला पुसले आणि दोन पेढे एकदम तोंडात टाकले.

“घ्या! आम्हाला कुणाचं भ्या हाय?”

साळूबाई जाळ सारता सारता म्हणाली, “आमच्या घराण्यात कुणालाच नाय बाई असलं काही.”

मी डबा घेऊन तिथंच उभी होते. आवडाबाईंची आणि माझी नजर एक झाली. त्यांनी पटकन परातीकडं बघितलं आणि नवा उंडा मळायला घेतला.

तपासणीची तारीख आली, की आणखी वेगळंच. त्या आधीचे दोन दिवस जेवायच्याच नाहीत. घोटभर ताक, एखादी काकडी. देवाचा उपास आहे म्हणून साळूबाईला सांगायचं. तिसऱ्या दिवशी रक्त दिलं की आकडा बरा यायचा. डॉक्टरीणबाई ‘छान’ म्हणायच्या आणि या शाळेतल्या पोरीसारख्या बाहेर येऊन मला म्हणायच्या, “बाई, पास झाले.” मी म्हणायची, अहो, ही परीक्षा नव्हे. त्या म्हणायच्या, “परीक्षाच हाय. कुणी बोललं नाय की झालं.”

एकदा डॉक्टरीणबाईंनी मागच्या तीन महिन्यांची शुगर सांगणारी तपासणी करायला लावली. सातच्या आत हवी, ती आली अकराच्या वर. डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला ठेवला आणि हळूच म्हणाल्या, “मावशी, या तपासणीला दोन दिवसांचा उपास कळत नाही.”

त्या रागावल्या नव्हत्या. मी तिथंच होते. पण आवडाबाईंना ते पुरेसं झालं. पडेगाव आल्यावर रिक्षातून उतरताना म्हणाल्या, “चोर पकडल्यावाणी झालं, बाई. आता त्या दवाखान्याची पायरी चढायची नाय मला.”

आणि खरंच चढल्या नाहीत. मी विचारलं की “पाहू पुढं” म्हणायच्या. मी रोज संध्याकाळी देवापुढं दिवा लावताना त्यांचं नाव घ्यायची. दुसरं काय माझ्या हातात होतं?

पोळा होऊन दोन-तीन दिवस झाले असतील. संध्याकाळची गर्दी होती. साळूबाईनं बाभळीचं लाकूड सारलं, निखारा फुटला आणि ओट्यावरून खाली पडला. कुणाचं लक्ष नव्हतं. आवडाबाई तव्यावरची भाकरी उलटत होत्या, रामकिसन पुढं उभे होते.

“मावशी, काय जळतंय?” रामकिसन म्हणाले.

“भाकर करपली असल एखादी.”

“भाकरीचा वास मला कळतो. हा वायला हाय.” ते वाकले, आणि एकदम ओरडले, “अहो मावशी, पाय! पाय काढा!”

निखारा आवडाबाईंच्या उजव्या पावलाला, करंगळीच्या खाली चिकटून होता. कातडं जळत होतं. आणि त्या उलथणं हातात धरून शांतपणे खाली बघत होत्या, जसा काही पाय दुसऱ्या कुणाचा आहे. मग पाय झटकला, पाणी ओतलं आणि हसल्या.

“काम करणाराचा पाय हाय. कातडं निबर झालंय, समजलं बी नाय. चला, कुणाच्या किती?”

साळूबाई म्हणाली, “आमच्या वैनीचे पाय म्हंजी दगडाचे!” लोक हसले. रामकिसन नाही हसले. ते शुगरवालेच. त्यांना काय कळायचं ते कळलं असणार, पण चारचौघांत बोलले नाहीत.

जखमेवर हळद लागली, चिंधी बांधली गेली. मला त्यांनी सांगितलं, बरी झाली. लुगडं जरा खाली ओढून नेसायला लागल्या. पितृपक्षात एक दिवस मी पाणी मागायच्या निमित्तानं सरळ आत गेले. त्या नळापाशी पाय धूत होत्या. जखम बरी झालेली नव्हती. ती पसरली होती, कडा पांढऱ्या झाल्या होत्या, आणि वास येत होता.

मी काही बोलायच्या आतच त्या म्हणाल्या, “नवरात्र तोंडावर आलंय. कर्णपुऱ्याच्या देवीला मी दरसाल नऊ दिवस अनवाणी जाते. तिथं गेले की बरं होईल.”

आता मी सुद्धा देवीला मानणारी बाई आहे. पण मला राग आला. मी म्हणाले, “आवडाबाई, देवीनं पाय दिला तो चालायला. तो सडवून तिच्या दारात नेला तर ती काय म्हणेल? उठा, लुगडं बदला.”

त्या उठल्या. कशा उठल्या मला माहीत नाही. मनातून त्यांनाही भीती बसली असणार.

डॉक्टरीणबाईंनी जखम बघितली, औषधं लिहिली आणि पायाच्या पट्टीसाठी नजमा सिस्टरकडं पाठवलं. नजमा सिस्टर छावणीतलीच. वय पस्तिशीचं, आवाज मोठा, मराठीत अर्धं हिंदी. तिनं आवडाबाईंना बाकावर बसवलं, पाय मांडीवर घेतला. आवडाबाई संकोचल्या, “पाय नका घेऊ मांडीवर, सिस्टर.”

“खालाजान, म्हणजे मावशी, माझं कामच पायाचं हाय. आता डोळे मिटा. मी या दोऱ्यानं पायाला टोचते. लागलं की ‘लागलं’ म्हणायचं.”

तिच्या हातात पायाची जाण तपासायचा नायलॉनचा कडक, जाड दोरा होता. आवडाबाईंनी डोळे मिटले. नजमानं दोरा अंगठ्याला टेकवला, वाकवला. मग टाचेला. मग करंगळीजवळ. मग दुसऱ्या पायाला. आवडाबाई वाट बघत बसलेल्या. थोड्या वेळानं डोळे मिटूनच म्हणाल्या, “टोचा की. कामून थांबल्या?”

नजमानं माझ्याकडं बघितलं. “टोचून झालं, मावशी.”

आवडाबाईंनी डोळे उघडले. आपल्या पायाकडं बघितलं, दोऱ्याकडं बघितलं. त्यांचा तो चेहरा मी विसरणार नाही. पेढ्याच्या वेळचा रुबाब गेला, पास झाल्याचा आनंद गेला. राहिली ती फक्त भीती.

“पाय ऱ्हाईल का मव्हा?”

“राहील. पण गोळ्या टायमावर पाहिजेत, शुगर खाली पाहिजे. तुम्ही गोळ्या घेता का?”

“मधून मधून.”

“कामून मधून मधून?”

“चोरून घ्याव्या लागतात.”

नजमा हसली नाही. “ताप आला तर चोरून गोळी घेता?”

“ताप कुणालाबी येतो. हे आपण खाऊन आणलेलं आसतं.”

“हे कोण सांगितलं तुम्हाला?”

नजमा पट्टी गुंडाळत राहिली. मग आवडाबाई हळू आवाजात म्हणाल्या, “कुणी नाय. म्याच सांगत होते लोकायला. रोज.”

“मग आता म्याच सांगते, ऐका. आमच्याकडं हमाल येतात, वीटभट्टीवरच्या बाया येतात, उपाशी झोपणारे बी येतात. सगळ्यांना हाय. कुणाच्या घराण्यात आहे, कुणाला अशीच होते. खाण्याचं बघायला लागतं, व्हय. पण गुन्हा नाय हा. गुन्हेगार समजून घेतलं की माणूस लपतं, आणि लपलं की पाय जातो. आणखी एक. आजपासून अनवाणी एक पाऊल नाही. घरात पण नाही.”

“घरात बी?”

“घरात बी. आणि चुलीपाशी तर पहिले. तिथंच जळलं ना?”

आवडाबाई ताडकन म्हणाल्या, “चुलीपाशी चप्पल? माय! तिथं अन्न शिजतं. तिथं लक्ष्मी हाय. मह्या हातची भाकर कोण घेईल मंग?”

हा प्रश्न खरा होता. आपल्याकडं शेणानं सारवलेली चूल असो नाही तर फरशीचा ओटा, स्वयंपाकाच्या जागी पायताण नाही म्हणजे नाही. रांगेतले लोकसुद्धा शेडच्या बाहेर चपला काढून आत यायचे, कुणी न सांगता. आणि तिथं भाकरी करणारीच चप्पल घालून उभी राहिली तर? आणि कामून घातली म्हणून विचारलं तर? चप्पल घालायची म्हणजे शुगर आहे हे सगळ्यांना सांगायचं. एकातून दुसरं सुटतच नव्हतं.

नवरात्राचे पहिले दिवस त्यांनी वेगवेगळ्या युक्त्या केल्या. पायाला जुनी चादर गुंडाळून बघितली, ती पेटता पेटता राहिली. मोजे घातले, तर ओल्या फरशीवर घसरल्या आणि ओट्याला धरून सावरल्या. चप्पल घालून लुगडं खाली सोडलं, पण साळूबाई ओट्याखालची लाकडं काढायला सारखी वाकणारी, तिची नजर खालीच. “वैनी, पायात काय हाय तुमच्या?” या म्हणाल्या, “काय नाय.” आणि चप्पल काढून टाकली.

रोज पट्टीला मात्र जात होत्या. गोळ्याही घेत होत्या, अजून चोरूनच. कर्णपुऱ्याला या वर्षी मी त्यांना रिक्षानं नेलं. देवीपुढं त्या किती तरी वेळ उभ्या होत्या. काय मागितलं मी विचारलं नाही. परत येताना वाटेत चपलांचं दुकान लागलं, तशी त्यांनी रिक्षा थांबवायला लावली. पायाची जाण गेलेल्या लोकांसाठी मऊ तळाची, मागं पट्टा असलेली चप्पल असते, नजमानं दाखवलेली. तशी पांढऱ्या पट्ट्याची एक जोडी घेतली.

“ही मातीला लागायची नाय,” एवढंच म्हणाल्या.

खंडेनवमीला शेडमध्ये दरवर्षी पूजा असायची. ज्याच्या त्याच्या कामाची हत्यारं मांडून त्यांना हळदकुंकू लावायचं, फुलं वाहायची. गॅरेजवाले पाने मांडतात, शिवणारे मशीन पुजतात, तसा आवडाबाईंचा तवा, परात, उलथणं आणि चिमटा. पूजा झाली की रोजच्या लोकांना प्रसाद. त्यामुळं त्या सकाळी सगळे हजर. सुट्टी घेऊन नानासाहेबही आलेला. मी जरा उशिरा पोचले.

पाटावर नवं कापड घातलेलं. तवा घासून काळा कुळकुळीत केलेला. परात, उलथणं, चिमटा. आणि त्या रांगेत शेवटी, धुऊन पुसून, ती पांढऱ्या पट्ट्यांची चप्पल.

साळूबाई पाटासमोर कमरेवर हात ठेवून उभी. “वैनी, याड लागलं का तुम्हाला? देवाच्या पाटावर चप्पल? आन् तिला कुंकू?”

“नव्या वस्तूला कुंकू लावतो का नाय आपण? सुपाला लावतो, गाडीला लावतो.”

“गाडी वायली! हे पायताण हाय!”

“हे मव्हं हत्यार हाय, साळू. तव्याबिगर भाकर व्हत नाय, तशी आता याच्याबिगर बी व्हनार नाय.”

रांगेत कुजबुज सुरू झाली. आवडाबाई वळल्या. ज्या आवाजात त्या ‘कुणाच्या किती’ विचारायच्या, त्याच आवाजात बोलल्या.

“ऐका सगळे. मला शुगर हाय. दोन वर्सं झाली. म्या लपवली. तुम्हाला हसत व्हते आन् मिसरीच्या डबीत गोळ्या ठिवत व्हते. मह्या पायाला आता चटका समजत नाय. निखारा पडला तर रामकिसनभाऊला वास आला, मला नाय. सिस्टर म्हणती, पायात घातलं नाय तर पाय कापावा लागल. मी पाय कापू देणार नाय. ही चप्पल या शेडीच्या बाहेर जाणार नाय, बाहेरची आत येणार नाय. ज्याला चालतंय त्यानं भाकर घ्यावी. ज्याला नाय चालत त्याच्यावर मव्हा राग नाय.”

परातीवरचं एक झेंडूचं फूल खाली पडलं, ते मी उचलून ठेवलं.

मनकर्णाबाई म्हणून गल्लीतल्या एक बाई होत्या, त्यांच्याकडं सोवळ्याचं फार. त्यांनी रिकामा डबा उचलला, “आमच्या सासूबाईंना नाय चालायचं,” म्हणाल्या आणि निघून गेल्या. त्या पुन्हा कधी आल्या नाहीत. आणखी एक-दोघे त्यांच्यामागं गेले.

नानासाहेब दारात उभा होता. त्याचे डोळे भरले होते. “आई, मला कामून नाय सांगितलं?”

“तुला सांगितलं असतं तर तू शेड बंद केली असती.”

“केलीच असती.”

“म्हणून नाय सांगितलं.”

त्यावर रामकिसन मोठ्यानं हसले, आणि मग बाकीचेही. रामकिसन पुढं आले. “मावशी, दोन वर्सं आम्हाला बासुंदी-बासुंदी करून हैराण केलं. आता तुम्ही काय खाल्लं व्हतं ते तरी सांगा.”

“भाकर खाल्ली व्हती, मेल्या! दुसरं काय मिळालं मला?”

“मंग भाकरीनं बी शुगर व्हती म्हणा की.”

“कशानं बी व्हती. लाव कुंकू.” आवडाबाईंनी करंडा त्यांच्यापुढं धरला. रामकिसननी तव्याला लावलं, परातीला लावलं, आणि जराही न थांबता चपलेच्या पट्ट्यांना दोन बोटं ओढली. साळूबाईनं तोंड फिरवलं. पण मग आवडाबाईंनी ओट्यापाशी उभं राहून चप्पल पायात चढवली, तेव्हा वाकून मागचा पट्टा तिनंच लावून दिला. आवडाबाईंना खाली वाकून पट्टा लावणं जड जात होतं, हे तिनं पाहिलं असावं. तोंडानं मात्र पुटपुटत होती, “काय दिवस आले बाई!”

त्या दिवसापासून मिसरीची दुसरी डबी संपली. गोळ्यांची पाकिटं मिठाच्या बरणीशेजारी, सगळ्यांना दिसतील अशी. दुपारी रामकिसन आले की आवडाबाई हाक मारायच्या, “चला, आपल्या गोळीचा टाइम झाला,” आणि दोघं एका तांब्यातून पाणी प्यायचे. जेवण म्हणजे तुरीचं वरण, मेथी, शेपू, भाकरी. पेढा आला तर म्हणायच्या, “कपाळाला लावते, पोटाला नको.” काही महिने गिऱ्हाईक कमी राहिलं. मग बाहेरून नवे लोक यायला लागले, त्यांना सोवळ्याचं काही पडलेलं नव्हतं. त्यांनी फक्त एवढं विचारलं, की भाकरी पातळ मिळेल का.

सोपं होतं असं मात्र समजू नका. दिवाळी उलटली तरी जखम भरली नव्हती. मधे एकदा पू झाला, तेव्हा आम्ही दोघी दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो आणि त्यांनी माझ्या मांडीवर हात ठेवून विचारलं, “बाई, खरं सांगा, देवीनं हे मला मह्या तोंडाबद्दल दिलं का?” मी म्हणाले, “देवी एवढं लक्ष ठेवून बसत नाही, तिला दुसरी कामं आहेत.” त्या जरा हसल्या. पण प्रश्न पूर्ण गेला असं मला वाटत नाही. अशा गोष्टी एका दिवसात जात नाहीत. फक्त त्या प्रश्नासाठी त्यांनी पुन्हा कधी गोळी चुकवली नाही.

संक्रांत झाल्यावर तीन महिन्यांची शुगर पुन्हा तपासायची होती. सकाळी मी बोलवायला गेले, तर त्या शेडमध्ये बसून मेथीबरोबर भाकरी खात होत्या.

“आज उपास नाय?” मी मुद्दाम विचारलं.

“खरं काय ते दिसू दे.”

आठ आणि काही तरी आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून उतरवायला पाहिजे. पूर्वीच्या आवडाबाई यावर तोंड लपवून निघाल्या असत्या. त्या म्हणाल्या, “मंग सांगा, काय बदलायचं?” आणि खुर्ची पुढं ओढून बसल्या. नजमानं पायाची पट्टी कायमची काढली. करंगळीपाशी गुलाबी, चकाकणारं नवं कातडं आलं होतं. आवडाबाईंनी त्याच्यावरून बोट फिरवलं. पायाला कळलं नसेल, पण बोटाला कळलं. “हाय,” म्हणाल्या. “हाय जागेवर.”

त्याच संध्याकाळची गोष्ट. शेडमध्ये गर्दी ओसरली होती. तो खाली बघणारा बद्रीनाथ कारकून शेवटचा राहिला होता. त्यानं भाकरी घेतली, पण नेहमीसारखी पिशवीच्या तळाशी घातली नाही. हातातच धरून उभा राहिला.

“काय रे, कमी पडली का?” आवडाबाईंनी विचारलं.

“नाय. मावशी, ही चप्पल... कुठं मिळती?”

साळूबाईनं जाळ सारायचा थांबवला. आवडाबाईंनी तव्यावरची भाकरी उतरवली, तवा बाजूला केला. एवढ्या वर्षांत अर्ध्यावर चूल सोडून त्या बाजूला झालेल्या मी कधी बघितल्या नव्हत्या.

“आधी पाय दाखव,” त्या म्हणाल्या. “बस हितं. साळू, दिवा जरा जवळ आण.”

त्यानं इकडंतिकडं बघितलं. मग ओट्याशेजारच्या पोत्यावर बसला आणि मोजा काढायला लागला.